शिरूरचा श

मराठी विभागांच्या खोल्यांमधून एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते: ‘ती तांत्रिक बाब आहे.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या स्वरात दिलगिरी नसते. असलाच तर किंचित अभिमान असतो. आपण आशयाची माणसे आहोत, जाणिवा आणि मूल्ये हे आपले क्षेत्र, आणि फॉन्ट, फाइल, कळफलक वगैरे गोष्टी कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याने पाहायच्या, असा त्याचा एकूण भावार्थ. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी मजकुराचे जेवढे नुकसान ह्या एका वाक्याने केले, तेवढे कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही अपडेटने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मत टोकाचे वाटेल. म्हणून आधी एक हकिकत सांगतो.

हकिकत शिरूरची आहे. घोडनदीच्या काठचे हे गाव. जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक इथे राहतात. त्यांना नुसते गुरुजी म्हणू. गुरुजींनी आपल्या आईच्या आणि दोन मावश्यांच्या जात्यावरच्या ओव्या तरुणपणी चार वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. २००३ साली, दौंड तालुक्यात नोकरीला असताना, त्यांनी त्या दौंडच्या एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या. छापील प्रत एका पाहुण्याने वाचायला नेली, ती परत आली नाही. वह्यांना पुढे वाळवी लागली. उरली ती फाइल. सीडीवरून घरच्या संगणकावर, त्या संगणकावरून पुढच्या संगणकावर असा तिचा प्रवास होत राहिला, आणि वर्षातून एकदा, आईच्या श्राद्धाच्या आसपास, गुरुजी ती उघडून वाचत.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री संगणकाने आपली नवी आवृत्ती आपणच चढवून घेतली. सकाळी फाइल उघडली तर तीत मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, अवतरणचिन्हे, अपूर्णविराम ह्यांची पानेच्या पाने. गुरुजींचा मला फोन आला: “सर, आईच्या ओव्यांना व्हायरस लागला.”

मग वैद्य जमले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मुलाने निदान केले की फाइल खराब झाली आहे, आणि ती ‘साफ’ करण्यासाठी त्याने लेखनप्रणालीतला आपोआप नेटकेपणा आणणारा आदेश चालवून ती जतन केली. ह्या सत्कृत्याचा परिणाम पुढे सांगतो. संगणकदुरुस्ती करणाऱ्या मुलाने पाच मिनिटे पाहून ‘सिस्टिम उडाली, फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल दिला. आणि आमच्यातल्या एका मराठीच्या प्राध्यापकांनी, ज्यांचा लोकसाहित्यावर मोठा अधिकार आहे, सल्ला दिला की अपडेट कायमचे बंद करून टाकावे. का बिघडले, हे विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. ती तांत्रिक बाब होती.

वस्तुतः काहीही बिघडलेले नव्हते. फाइल २००३ मध्ये होती तशीच, तिच्यातले एकही चिन्ह न हलता, जागेवर होती. अपडेटच्या गडबडीत एक फॉन्ट तेवढा यादीतून गेला होता. आणि फॉन्ट गेल्याबरोबर दिसू लागले ते हे, की त्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच.

हे विधान नीट समजून घेण्यासारखे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तर विशेषच. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बराच काळ मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप होत असे ते सगळे, थोड्याफार फरकाने, एकाच युक्तीवर चालत. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही त्यांतली घराघरांत पोचलेली नावे. संगणकाच्या लेखी फाइलीत इंग्रजीची चिन्हे असत. फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे अशी देवनागरीची चित्रे दाखवी. म्हणजे मजकूर एक आणि मुखवटा दुसरा. रेमिंग्टन टंकलेखनयंत्राच्या कळपाटावर बेतलेला कृतिदेवसारखा फॉन्ट घ्या आणि त्यात ‘शिरूर’ हा शब्द लिहा. संगणकाच्या स्मृतीत साठते ते असे: एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, अपूर्णविराम, जे. एफ म्हणजे पहिली वेलांटी. ती डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी. एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श्. के म्हणजे उभा दंड, जो एरवी काना म्हणून वापरायचा; तो जोडला की श पूर्ण होतो. अपूर्णविराम म्हणजे अख्खा रू. जे म्हणजे र. पाच चिन्हे झाली, पण त्यांत ‘श’ नावाचे अक्षर कुठेही नाही. उलट, शब्दात नसलेला एक काना आहे.

‘आई’ पाहा. व्ही, के, बी, झेड: म्हणजे अ, काना, इ आणि वर रफार. दीर्घ ई ही त्या जगात स्वर नाही. ती ऱ्हस्व इच्या डोक्यावर ठेवलेली रफाराची रेघ आहे. दिसायला ई दिसते ना? मग झाले. ‘दिसायला दिसते’ एवढ्याच निकषावर आपण दोन दशके मराठी लिहिली. ह्या मजकुराची अकारविल्हे लावायला सांगितली तर संगणक प्रामाणिकपणे इंग्रजी क्रम लावतो: साधारणपणे इ नंतर ब, ब नंतर क, क नंतर म, मग पहिल्या वेलांटीने सुरू होणारे यच्चयावत शब्द एका गठ्ठ्यात, आणि मग ह. असल्या मजकुरातून सूची निघत नाही की शब्दकोश होत नाही, एखादा शब्द कितीदा आला हेही मोजता येत नाही. आणि हे वर्णमालेचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेच्या बाबतीत घडले.

महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आपण एम.ए.ला शिकवतो. सकळ लिपी, सुंदरी लिपी; एका अक्षराच्या जागी ठरवलेले दुसरे चिन्ह. ग्रंथ परक्या हाती पडले तरी अर्थ पडू नये, हा हेतू. लीळाचरित्रासारखा ठेवा त्यामुळे शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे ह्यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ती कुलुपे उघडू लागली, हे आपण वर्गात रंगवून सांगतो. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर गुरुजींची फाइल आणि सकळ लिपीतली पोथी ह्यांत फरक नाही. फरक आहे तो हेतूचा. महानुभाव आपण काय करत आहोत हे जाणत होते, किल्ली त्यांच्याजवळ होती, आणि ती पुढच्या पिढीला देण्याची परंपरा होती. आपण मात्र न कळत सांकेतिक लिपीत लिहीत होतो आणि तिला मराठी समजत होतो. माझा स्वतःचा प्रबंध ह्याच जातीच्या एका फॉन्टात आहे. त्याच्या मुखपृष्ठावरचे माझे नाव संगणकाला आजही वाचता येत नाही.

गुरुजींच्या मुलाने काय केले ते आता कळेल. नेटकेपणा आणणारा तो आदेश सरळ अवतरणचिन्हे शोधतो आणि त्यांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हे घालतो. छापील इंग्रजीला ती शोभतात. पण ह्या फॉन्टात सरळ एकेरी चिन्ह म्हणजे श आणि सरळ दुहेरी चिन्ह म्हणजे ष. एका आदेशात आईच्या सगळ्या ओव्यांतले श आणि ष उडाले. पुढे फॉन्ट मिळून चित्रे परत आली तरी त्या प्रतीत ‘शिरूर’च्या आरंभी एक भलतेच चिन्ह उभे होते. जुनी सीडी सापडली नसती तर हा घाव कायमचा होता. तिच्यावर गुरुजींनी, शिक्षकी सवयीने, फॉन्टची फाइलही उतरवून ठेवली होती.

सीडी वाचणारे यंत्र शिरूरमध्ये कोणाकडे धड मिळेना. शेवटी गुरुजी म्हणाले, जिथे टाइप केले तिथेच जाऊ. आम्ही एस.टी.ने न्हावरे, चौफुला असे करत दौंडकडे निघालो. चौफुल्याजवळच केडगाव आहे, आणि केडगावावरून जाताना मराठीच्या शिक्षकाला पंडिता रमाबाई आठवल्या नाहीत तर त्याने व्यवसाय बदलावा. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी छापखाना चालवला. बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि त्या भाषांतराचे खिळे आश्रमातल्या मुलीबायकांनी जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. संस्कृत पांडित्याबद्दल कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या ह्या बाईला खिळा, शाई, मुद्रिते ही ‘तांत्रिक बाब’ वाटली नाही. निराधार बायकांच्या हाती तिने सुईबरोबर अक्षरेही दिली. आपण रमाबाईंवर चर्चासत्रे भरवतो, त्यांच्या स्त्रीविषयक विचारांवर निबंध लिहून घेतो. त्यांच्या छापखान्याचा उल्लेख फार तर एका वाक्यात येतो.

दौंडचे ते केंद्र स्टेशनच्या बाजूला होते. आता तिथे झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि पासपोर्ट फोटो हा मुख्य धंदा आहे. सुदैवाने चालवणाऱ्या ताई त्याच होत्या. शासनाची मराठी तीस शब्दांची टंकलेखन परीक्षा टंकलेखनयंत्रावर दिलेली ही पिढी. गुरुजींनी बिघडलेल्या पानाचा कागदी छाप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “ताई, बघा कसं सगळं इंग्रजी झालंय.” ताईंनी कागद हातात घेतला. बोटे काचेच्या टेबलावर किंचित हलली, आणि त्या वाचू लागल्या. अडखळत, पण ओवीच्या चालीत. अख्खी ओळ वाचून झाल्यावर म्हणाल्या, “गुरुजी, हे इंग्रजी कुठंय? हे माझं टायपिंग आहे.”

त्या क्षणी तिथे उभे असलेल्या दोन मराठीच्या शिक्षकांपैकी एकालाही तो मजकूर वाचता येत नव्हता. म्हणजे किल्ली होती. ती विद्यापीठात नव्हती, दौंडच्या एका डीटीपी केंद्रात, एका बाईच्या बोटांत होती. आणि ह्या बाईचे नाव आपल्या पुस्तकांत कुठे असते? असलेच तर श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ ह्या शब्दापुढे बारीक टाइपात, आणि तेही बहुधा दुकानाचे नाव. लेखणी धरणारा वरच्या पायरीवर आणि खिळा जुळवणारा खालच्या, ही उतरंड आपल्याकडे छापखान्याच्याही आधीपासूनची आहे. ‘विचार करणारे’ आणि ‘हाताने काम करणारे’ ही विभागणी कोणत्या समाजव्यवस्थेतून आली हे ह्या वाचकांना सांगायला नको. वर्गात आपण तिच्याविरुद्ध बोलतो आणि कागदपत्र टाइप करायला देताना ती पाळतो. ‘तांत्रिक बाब’ हे तिचेच सभ्य नाव आहे.

इथे कोणी म्हणेल की साहित्यिकाने यंत्राच्या भानगडीत पडावे अशी अपेक्षाच गैर आहे. हा आक्षेप मराठीच्या इतिहासाला धरून नाही. केसरीचे संपादक असलेल्या टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटाटोपात आपली बुद्धी घातली. बापूराव नाईक ह्यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर आयुष्याची वर्षे खर्चून तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. आणि ज्या ‘मंगल’ फॉन्टात विंडोज २००० पासून लाखो लोकांनी संगणकावर देवनागरी पहिल्यांदा वाचली, तो घडवणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते, मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते, आणि मराठी कवी होते. कविता आणि संकेतांक एका माणसाच्या टेबलावर सुखाने नांदू शकतात ह्याचा पुरावा म्हणून तेवढे एक नाव पुरे. जोशी २००८ साली गेले. साठोत्तरी कवितेवरच्या किती प्रबंधांत त्यांच्या ह्या कामाचा विचार झाला आहे, हे ज्याने त्याने आपापल्या ग्रंथालयात पाहावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तेव्हा पर्यायच नव्हता. हा अर्धा खरा आहे, आणि तेवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ चे. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तीत देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र गट होता. पण मानक असणे निराळे आणि घरच्या संगणकावर ते चालणे निराळे. २००० च्या आधी सामान्य माणसाला युनिकोडमध्ये मराठी लिहिणे जवळजवळ अशक्य होते, आणि ज्या पेजमेकरवर सगळा मराठी प्रकाशनव्यवसाय उभा होता त्याला ते कधीच जमले नाही. त्या काळात ताईंनी जे केले तेच करणे शक्य होते. माझे भांडण त्या काळाशी नाही. माझे भांडण पुढच्या वीस वर्षांशी आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. ‘मनोगत’ २००४ पासून चालू झाले. अमेरिकेत, युरोपात, बंगळुरात नोकऱ्या करणारे हौशी मराठी लोक रात्री जागून शुद्ध संकेतांकांत मराठी लिहीत होते, त्यासाठी साधने बनवत होते, आणि त्याच वेळी मराठीचे विभाग पदव्युत्तर प्रबंध अमुकच फॉन्टात, तमुकच आकारात सादर करावा अशा सूचना काढत होते. ज्यांना मराठीचा पगार होता ते झोपले होते, एवढे कडू वाक्य लिहिण्यास मला संकोच वाटत नाही, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे.

परिणाम शोधगंगेवर पाहता येतो. तिथे चढवलेल्या मराठी प्रबंधांपैकी कित्येकांतला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, की गुरुजींची सकाळ आपल्याही वाट्याला येते. ‘जालावर मराठी मजकूर कमी’ अशी तक्रार आपण करतो, आणि आता भाषा शिकणारी यंत्रे आली तेव्हा त्यांना मराठी येत नाही अशीही करू लागलो आहोत. मजकूर कमी आहे हे खरेच. पण आहे त्यातलाही मोठा वाटा आपण स्वतःच इंग्रजी चिन्हांच्या कचऱ्यासारखा साठवून ठेवला आहे. यंत्राला त्यात मराठी कशी दिसावी? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. प्राचीनतेचे पुरावे देताना आपण शिलालेख दाखवले, आणि ते वाचता आले; १९९८ ची फाइल दाखवायला सांगितली असती तर पंचाईत होती.

‘युनिकोडचे फॉन्ट देखणे नसतात’ हा तिसरा आक्षेप आता ऐकून घेण्याच्याही लायकीचा राहिलेला नाही. एक टाइप ह्या मुंबईच्या गटाचा ‘मुक्त’, राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हे फुकट मिळतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल, २००९ च्या शासन निर्णयाने सांगितला तसा, तर तोही मिळतो. आणि अपडेट बंद करण्याचा सल्ला? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक गोठवून मजकूर टिकत नाही. एक दिवस यंत्रच उठत नाही. पोथी टिकवायची तर तिची नक्कल करावी लागते, हे तर लेखकूंनाही ठाऊक होते.

मात्र नक्कल करणे म्हणजे एक कळ दाबणे असे ज्यांना वाटते, त्यांनी दौंडला पुढे काय झाले ते वाचावे. ताईंनी जुना फॉन्ट चढवला, ओव्या पडद्यावर आल्या, गुरुजींनी डोळे पुसले. काम तिथे संपले नाही. मजकूर युनिकोडमध्ये नेण्यासाठी एक रूपांतरक वापरला. तो हिंदी मजकुरासाठी बनवलेला होता. वेलांट्या आणि रफार त्याने हुशारीने जागेवर नेऊन ठेवले: जे आधी दिसते ते नंतर उच्चारायचे, जे नंतर दिसते ते आधी. पण आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र त्याला ठाऊक नव्हता. सासऱ्याचा ‘सासर्या’ झाला, वाऱ्याचा ‘वार्या’. मराठीत हा फरक अर्थाचा आहे. आचार्यांना वाढायचे की आचाऱ्यांना, हे त्या एका वळणावर ठरते.

ह्या अर्ध्या ‘र’ची कथा आणखी गुंतागुंतीची आहे, आणि पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी ती वर्गात न्यावी अशी माझी विनंती आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. दुसऱ्यात मुळातच नुक्त्याचा ऱ असतो. छापल्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात: एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. आणि काही प्रणाली ते अदृश्य जोडचिन्ह निरुपयोगी समजून गाळून टाकतात, की पुन्हा ‘दुसर्या’. ‘ॲ’चेही तसेच. ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली. त्याआधीचे आणि नंतरचेही कितीतरी लेखन अ वर चंद्र ठेवून केलेले आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले पाठभेद आपण भिंग घेऊन पाहतो. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच हातून, आपल्याच लेखनात पाठभेद तयार होत आहेत, आणि त्यांची नोंद करण्याचे शास्त्र ज्यांना येते ते म्हणतात, ती तांत्रिक बाब आहे.

गुरुजींच्या नातीने मधला एक सोपा मार्ग सुचवला होता: आजोबांनी छापील पानावरून वाचायचे आणि मोबाइलने ऐकून लिहायचे. करून पाहिले. गुरुजी वाचत ‘व्हता’, मोबाइल लिही ‘होता’. दोन ओव्यांनंतर गुरुजींनी मोबाइल खाली ठेवला. २००३ मध्ये ताईंनी ‘पानी’ला ‘पानी’च ठेवले होते, कारण गुरुजींनी तसे बजावले होते आणि त्यांनी ते ऐकले होते. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत गी प्वातवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी उभा केलेला लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आपल्यासमोर आहे. त्यात ह्याच शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाज आहेत. त्या कामातही ओवी जशी गायली तशी लिहिण्याला, आणि ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदवण्याला मोल होते. घराघरांत पडलेल्या लहान संग्रहांना ते भाग्य नाही. त्यांचे सगळे आयुष्य एका फाइलीवर आणि एका फॉन्टावर टांगलेले असते.

म्हणून ज्यांच्याकडे अशी फाइल असेल त्यांच्यासाठी, आणि ‘तांत्रिक’ म्हणून हा परिच्छेद गाळू नये. फाइल उघडल्यावर कचरा दिसला तर ती जतन न करता बंद करावी. कोणालाही ती साफ करू देऊ नये. फॉरमॅटचे नाव काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. आधी तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि पुढचे सगळे उद्योग तिसऱ्या प्रतीवर करावेत. त्या प्रतीतला थोडा मजकूर निवडून वर फॉन्टचे नाव येते तिथे पाहावे: फॉन्ट यंत्रावर नसला तरी बहुधा त्याचे नाव फाइलीत टिकून असते. ते नाव म्हणजे किल्लीवरचा क्रमांक. मग ज्या केंद्रात टाइप केले तिथे जावे, कारण तो फॉन्ट आणि तो वाचणारी माणसे अजून तिथे आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. मजकूर दिसू लागला की आधी तो जसाच्या तसा कागदावर किंवा पीडीएफमध्ये उतरवावा, म्हणजे रूपांतराशी ताडून पाहायला मूळ चित्र हाती राहील. रूपांतर त्यानंतर. आणि ताडून पाहण्याचे काम मराठी जाणणाऱ्या माणसाने ओळीला ओळ लावून करावे. प्रत्येक अर्धा र, प्रत्येक श, प्रत्येक ष. एम.ए.च्या एका वर्गाने एका सत्रात आपल्या तालुक्यातला असा एक संग्रह सोडवला, तर त्यांची पाठचिकित्सेची परीक्षा वेगळी घ्यायला नको. माझ्या महाविद्यालयात मी तसा प्रस्ताव ठेवला होता. तो संगणकशास्त्र विभागाकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आला.

ताईंनी ताडणीचे पैसे पानामागे घेतले. गुरुजी दोन महिने दर रविवारी दौंडला जात होते. सीडीवरची प्रतही अगदी निर्मळ नव्हती. शेवटच्या काही पानांवर चरे होते आणि तिथल्या ओळी मुलाने ‘साफ’ केलेल्या फाइलीतून घ्याव्या लागल्या. त्यांत सात ठिकाणी श होता की ष होता की आणखी काही, हे कोणालाच सांगता येईना. गुरुजींची थोरली बहीण श्रीगोंद्याच्या बाजूला असते. तिला फोन लावून त्यांनी आधीची ओळ म्हटली. तिने पुढची म्हणून दाखवली. सातांपैकी पाच जागा भरल्या. सहाव्या ठिकाणी तिने म्हटलेली ओळ फाइलीतल्या ओळीशी जुळतच नव्हती, शब्दच वेगळे होते. गुरुजी म्हणाले, “अक्का, आई असं नव्हती म्हणत.” पलीकडून उत्तर आले, “तुला काय ठावं, तू तवा शाळंत व्हतास.” गुरुजींनी दोन्ही ओळी लिहून घेतल्या, एक वर आणि एक खाली बारीक अक्षरात. सातवी जागा अजून मोकळी आहे.